धावपट्टी लांब, प्रवासी कमी

नाशिकच्या उद्योजकांसमोर नव्या विमानमार्गाचा हिशेब मांडायचा होता. पहिली स्लाइड लावायच्या आतच प्रश्न आला : "आमची ओझरची धावपट्टी ३,००० मीटर, पुण्याच्या लोहगावची २,५३५. मग पुण्याला वर्षाला कोटीभर प्रवासी आणि आम्हाला काही लाखच, हे कसं?"

प्रश्न रास्त होता. स्लाइड बंद करून आम्ही फळ्यावर वेळापत्रक लिहायला घेतलं.

कारखानदार दिल्लीला जातो तो बहुधा एका दिवसाच्या कामाला. सकाळी सातच्या आत उड्डाण, रात्री परत. त्यासाठी विमान आदल्या रात्री ओझरलाच मुक्कामी हवं. म्हणजे पार्किंगची जागा, रात्री उशिरापर्यंत चालू असलेला हवाई नियंत्रण टॉवर, वैमानिकांची राहण्याची सोय आणि पहाटे विमान तपासून सही करणारा अभियंता. यातलं एक नसलं तरी विमान दिल्लीहून निघून दुपारी इथे पोचतं. ते पकडलं तर दिल्लीत संध्याकाळ होते आणि हॉटेलचा खर्च वाढतो. मग माणूस पहाटे गाडी काढतो आणि मुंबई गाठतो. विमान कंपनीच्या नोंदीत तो मुंबईचा प्रवासी ठरतो, नाशिकची खुर्ची रिकामी दिसते आणि पुढच्या हंगामात फेरीच कापली जाते. ओझरचं खरं दुखणं हे आहे.

मग गणित केलं. १८० आसनांचं विमान रोज एकदा येऊन गेलं, तर दोन्ही बाजू धरून वर्षाला १,३१,४०० आसनं. ८० टक्के भरली तर १,०५,१२० प्रवासी. एक फेरी गेली की लाखभर माणसं गेली! लहान विमानतळाची वाढ नुसत्या टक्क्यांत वाचली की फसगत होते ती यामुळे. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली, तेव्हा औरंगाबादने हा फटका सोसला.

शेजारचं शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ला सुरू झालं, तरी पुढे गेलं. भाविक हैदराबाद, चेन्नईहून येतात, एखादी रात्र राहतात आणि परततात. विमान दोन्ही दिशांना भरतं, दुपारची वेळही चालते. शिवाय येवल्याच्या माणसाला ओझरपेक्षा काकडी, म्हणजे शिर्डी विमानतळाचं गाव, जवळ. २०१९च्या नोव्हेंबरात कमी दृश्यमानतेमुळे तिथली सेवा काही आठवडे बंद होती, पण भाविक पुन्हा आले.

पुण्यात अडचण उलटी. मागणी तयार आहे, पण विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वेळा, मोजके. टर्मिनलही अपुरं होतं. नवं १४ जुलै २०२४ला सुरू झालं. तिथे स्लॉट वाढला की प्रवासी वाढतो. नाशिकला आधी प्रवासी सिद्ध करून दाखवावा लागतो.

म्हणून प्रस्तावातला धावपट्टीचा परिच्छेद काढला. त्याजागी सकाळी साडेसहाचं उड्डाण आणि रात्रीचं पार्किंग मागितलं. उद्योजकांकडून गेल्या वर्षभरात मुंबईहून काढलेल्या तिकिटांची यादी मागवली : तारीख, उड्डाणाची वेळ, भाडं, कारखान्याचा पिनकोड आणि परतीचा दिवस.