तुरीवरच्या घाटेअळीतून टॅकिनिड माशा : चालू हंगामाची नोंद

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की घाटेअळी मोठी मिळते, आणि टॅकिनिड माशीचा (हिची अळी घाटेअळीच्या अंगात वाढून तिला मारते) जोर मोठ्या अळीवरच असतो. छोट्या अळ्यांत, विशेषतः हरभऱ्यावर, कँपोलेटिस ही परजीवी गांधीलमाशी निघते. तुरीवर मात्र कार्सेलिया इलोटा, गोनियोफ्थाल्मस हॅली, पॅलेक्झोरिस्टा लॅक्सा ही माशांची नेहमीची नावे. म्हणून किती अळ्यांतून माशी निघते ते पाहायला पेल्यांत पाळण्यासाठी आता २० मिमीच्या आतल्या अळ्या उचलत नाही.

अळी आणली की आधी भिंगाखाली डोक्यामागची वलये बघायची. तिथे अळीचा जबडा पोहोचत नाही, त्यामुळे अंडी बहुधा तिथेच असतात. पांढरा कण मऊ ब्रशने निघून आला तर तो पराग. जागचा हलला नाही तर अंडे. पण अंडे दिसले म्हणजे माशी मिळालीच असे नाही. ते फुटायच्या आत अळीने कात टाकली तर अंडेही कातीबरोबर जाते. पेल्यात पडलेली कात फेकू नका, टरफल भरलेले आहे की रिकामे ते पाहून लिहा. उलट गोनियोफ्थाल्मस आपली बारीक अंडी पानांवर घालते. अळी ती पाल्याबरोबर गिळते. तिचा बाहेरून काहीच पत्ता लागत नाही, त्यामुळे ‘स्वच्छ’ अळ्याही सांभाळाव्याच लागतात.

एका पेल्यात एकच अळी, कारण घाटेअळ्या एकमेकींना खातात. तळाला ३ सेंमी चाळलेली, जेमतेम ओलसर वाळू, वर हिरव्या शेंगेचा तुकडा, तोंडाला मलमल. शेंग रोज बदलायची, विष्ठा रोज काढायची. झाकण घट्ट लावले की आत घाम धरतो आणि दोन दिवसांत बुरशी. अळी उलटी लोंबून पातळ झाली तर तो विषाणू. पेला ब्लीचच्या पाण्यात टाका, चिमटाही. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या सगळे संपवतात.

अळी कोषात गेली म्हणून पेला रिकामा करू नका. माशीची अळी बऱ्याचदा कोषातूनच बाहेर पडते. पतंगाचा कोष एका टोकाला निमुळता असतो, दाबला की शेपूट हलवतो. माशीचे कवच (म्हणजे तिचा कोष) दोन्हीकडून गोल, तांबूस, अजिबात न हलणारे. त्यातून माशी निघायला साधारण दीड-दोन आठवडे, थंडीत जास्त. वाळू सुकली तर माशी कवचातच अडकते किंवा पंख चुरगळलेले राहतात.

सगळ्यात जास्त फसवतात त्या फोरिड माशा : २-३ मिमी, पाठीला कुबड असलेल्या, झटक्याझटक्याने धावणाऱ्या. मलमलीच्या फटीतून शिरून मेलेल्या अळीवर अंडी घालतात आणि नोंदीत ‘परजीवी’ म्हणून चढतात. कवच ३ मिमीचे आणि चपटे असेल तर ते टॅकिनिडच्या खात्यात धरू नका.

माशी निघाल्यावर लगेच मारू नका. मधाच्या पाण्याच्या बोळ्यावर एक दिवस ठेवली की अंग आणि रंग पक्के होतात. मग टाचणीवर कोरडी लावायची. अल्कोहोलमध्ये अंगावरची भुकटी उडते आणि ओळख अवघड होते.

टक्केवारी काढताना भाजक म्हणून निघालेले पतंग आणि माशी निघालेल्या अळ्या एवढेच घ्या. विषाणू, बुरशी आणि कारण न कळलेले मृत्यू वेगळ्या रकान्यात. जिवंत माशा शेतात सोडणार असाल तर आसपास रेशीम शेड नाही ना ते बघा. रेशीमकिड्यावरची उझी माशी याच कुळातली आहे, आणि न ओळखलेली माशी तिथे सोडणे कोणालाच परवडणारे नाही.