धुक्याची शेकोटी: दिव्यांआधी हवेचं बघा

पाण्याचं धुकं उडवायचं आणि त्यावर खालून नारिंगी उजेड टाकायचा, की ज्वाळा दिसायला लागतात. पाचगणीतल्या होमस्टेचा कोपरा असो की गणपतीच्या देखाव्यातलं यज्ञकुंड, कृती हीच. आणि फसगतही बहुतेकांची एकाच ठिकाणी होते. सगळे पैसे दिव्यांवर जातात आणि हवेकडे कुणी बघत नाही. धुकं थंड आणि जड असतं. त्याला सोडून दिलं तर ते वर जात नाही, कडेवरून सांडून फरशीवर पसरतं. त्याला ज्वाळेचा आकार हवा देते. दिवा फक्त रंग देतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. या शेकोटीला ऊब नाही, उलट ती खोली गार करते. तासाला 700 मिलिलिटर पाणी हवेत विरलं तर त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतूनच जाते, साधारण 470 वॉट एवढी. डिसेंबरात महाबळेश्वरला वेगळा हीटर लावावाच लागेल, आणि तो या पेटीपासून लांब. सांगलीत एप्रिलमध्ये मात्र हीच शेकोटी थोडीफार कूलरचं काम करेल!

आता सामान. धुक्यासाठी 24 व्होल्टचा पाण्यात बुडणारा अल्ट्रासॉनिक मिस्ट मेकर घ्या. त्यातली 20 मिलिमीटरची सिरॅमिक चकती सेकंदाला सुमारे 17 लाख वेळा थरथरते आणि पृष्ठभागावरून बारीक थेंब उडवते. एक चकती तासाला 300 ते 400 मिलिलिटर पाणी उडवते. 35-40 सेंटिमीटर रुंद ज्वाळेला अशा दोन लागतात, प्रत्येकीला स्वतंत्र 24 व्होल्ट 1 अँपिअरचा अडॅप्टर. राउटरचा पडून असलेला 12 व्होल्टचा अडॅप्टर लावून बघायचा मोह टाळा. पाणी नुसतं थरथरेल, धुकं येणार नाही. यूएसबीवर चालणाऱ्या 5 व्होल्टच्या छोट्या चकत्या समईएवढ्या ज्योतीला ठीक, शेकोटीला नाहीत.

टब 40 बाय 25 सेंटिमीटर तळाचा आणि किमान 25 सेंटिमीटर उंच हवा. उंची कशाला, तर चकतीवरून पाण्याचं छोटं कारंजं उडतं आणि त्याचे शिंतोडे वर दिव्यांपर्यंत पोचता कामा नयेत. पसरट तळाचाही हिशेब आहे. या मापाच्या टबात पाणी एक सेंटिमीटर उतरायला एक लिटर संपावं लागतं. चकतीच्या वर दोन ते चार सेंटिमीटर पाणी असेल तेव्हाच धुकं दाट येतं. त्याहून खोल गेलं की कारंजं दबतं, धुकं पातळ होतं. सुरुवातीला टबात, मिस्ट मेकरची स्वतःची उंची धरून, तळापासून साडेसहा सेंटिमीटर पाणी ठेवा. दोन चकत्या तासाला सुमारे सात मिलिमीटर पाणी संपवतात, म्हणजे दोन तास निवांत. अरुंद बादली वापरली तर पाणी घालायला वारंवार उठावं लागेल.

टबाच्या झाकणात मधोमध 36 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद फट कापा. फटीच्या कडा पाच मिलिमीटर वर वळलेल्या हव्यात, नाहीतर जमलेले थेंब झाकणावरून थेट दिव्यांत उतरतात. पत्र्याचं झाकण करून घ्यायचं तर कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत असलं किरकोळ काम करून देणारे मिळतील. स्टेनलेस स्टीलच सांगा. बाहेरची चौकट प्लायवूडची नको. ओलाव्याने तिचे पापुद्रे सुटतात. पीव्हीसी बोर्ड किंवा सिमेंट बोर्ड टिकतो.

आता मुख्य भाग, पंखा. कॉम्प्युटरचा 80 मिलिमीटरचा 12 व्होल्टचा पंखा टबाच्या आखूड बाजूला, पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर, बाहेरून बसवा. तो कोरडी हवा आत ढकलेल, धुकं त्याच्या पात्यांतून जाणार नाही. पंखा वर लावून धुकं ओढून घेण्याचा प्रकार करू नका. पात्यांवर थेंब जमून ते पाणी होऊन परत पडतं आणि बेअरिंग लवकरच कुरकुरायला लागतं. पंख्यासमोर आतल्या बाजूला तीनेक सेंटिमीटर अंतर सोडून प्लास्टिकची पट्टी आडोशासारखी उभी करा. हवा तिच्यावर आपटून पसरते. ही पट्टी नसेल तर पंख्याच्या लांबच्या टोकाला ज्वाळा उंच आणि जवळच्या टोकाला भोक पडल्यासारखी मोकळी जागा दिसते.

पूर्ण वेगाने पंखा चालवला तर धुकं विस्कटून दिसेनासं होतं. मध्ये छोटं बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) टाकून पंख्याला 5 ते 7 व्होल्टच द्या. तरीही हवा जास्त वाटली तर पंख्याची अर्धी जाळी चिकटपट्टीने झाका. टिश्यू पेपरची पट्टी फटीवर धरून बघा: ती हलकीच उचलली गेली पाहिजे, फडफडली तर वेग जास्त. फटीतून हवा सेकंदाला 20 ते 40 सेंटिमीटर वेगाने निघाली की ज्वाळा हाताच्या वितीएवढी उठते आणि टोकाला आपोआप विरते. छताचा पंखा चालू असेल तर हे सगळं वाया. शेकोटीच्या जागी आधी उदबत्ती लावून धूर कुठे वाकतो ते पाहा; धूर आडवा जात असेल तर ज्वाळाही आडवीच जाणार.

हवामानाप्रमाणे हे सेटिंग बदलतं. सांगली-मिरजेकडे फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत धुकं लवकर विरतं, ज्वाळा बुटकी दिसते, मग पंखा किंचित वाढवावा. जुलै-ऑगस्टात महाबळेश्वरच्या बाजूला हवाच ओली असते. तिथे धुकं विरत नाही, समोरून ओघळून खाली येतं आणि फरशी निसरडी होते. अशा वेळी एक चकती बंद ठेवा आणि समोर दहा सेंटिमीटर उंचीची काच लावा. खोली बंद करून तासन् तास चालवू नका, भिंतींना बुरशी धरेल.

दिवे फटीच्या दोन्ही बाजूंना, झाकणाच्या वर, आतल्या बाजूला कललेले. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवले की उजेड पसरत नाही आणि बसल्या जागेवरून एकही ठिपका दिसत नाही. उजेड फक्त धुक्यावर पडला पाहिजे. मागची भिंत उजळली की खेळ संपला, म्हणून तिला शाळेच्या फळ्याचा काळा रंग द्या. त्याला चमक नसते आणि तो कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळतो. दिव्यांसाठी सिलिकॉनच्या आवरणातली डब्ल्यूएस 2812 बी ही एलईडी पट्टी घ्या, तिच्यातल्या प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो. मीटरला 60 दिव्यांची, दोन्ही बाजूंना मिळून 42 दिवे. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा 60 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून अडीच अँपिअर. 5 व्होल्ट 3 अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. डेटाच्या तारेत 330 ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठ्यावर 1000 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. नियंत्रणाला ईएसपी 8266 हा छोटा वाय-फाय बोर्ड आणि त्यावर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारं मोफत सॉफ्टवेअर. त्यात 'फायर 2012' हा इफेक्ट तयार मिळतो. रंग स्वतः ठरवत असाल तर लाल 255, हिरवा 70 ते 90, निळा शून्य. हिरवा याहून वाढवला की ज्वाळा लिंबासारखी पोपटी दिसते, आणि निळा थोडाही नको.

ट्यूबलाइटचा स्टार्टर बल्बला जोडून लुकलुक करायची जुनी देखाव्यातली युक्ती इथे अजिबात वापरू नका. ते 230 व्होल्ट आहेत आणि शेजारी पाणी आहे. सगळे अडॅप्टर टबापासून दूर आणि पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, तारा खाली झोका देऊन वर न्या म्हणजे थेंब प्लगपर्यंत जात नाही, आणि त्या सॉकेटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

निखाऱ्यांसाठी वीटभट्टीवरची खंगर, म्हणजे जास्त भाजून काळी पडलेली वीट फोडून आणा. जळक्या कोळशासारखी दिसते आणि पाण्याने बिघडत नाही. मध्ये फिश टँकमधले पारदर्शक काचेचे खडे टाकले की खालचा नारिंगी उजेड त्यांत धुमसतो. तुरटीचे खडे दिसायला सुंदर, पण विरघळतात. ओंडके बाभळीचे चालतील, साल काढून पॉलियुरेथेनचे दोन हात देऊन. नुसतं लाकूड बुरशी धरतं. ओंडक्यांनी फटीचा तिसरा हिस्साच झाकावा. ज्वाळेच्या वेगवेगळ्या जिभा त्यामुळेच दिसतात.

पाण्याबद्दल. धुकं म्हणजे वाफ नव्हे, ते पाण्याचे थेंबच, त्यामुळे पाण्यातले क्षारही सोबत उडतात. कृष्णाकाठच्या क्षारपड भागातल्या बोअरचं पाणी 800 टीडीएसचं (लिटरमागे 800 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) असेल तर तासाला अर्धा ग्रॅमहून जास्त पांढरी पूड टीव्हीवर, सोफ्यावर आणि फुप्फुसात जाते. आरओचं पाणी वापरा. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणखी चांगलं, पण काही मिस्ट मेकरचा पाणी ओळखणारा सेन्सर पाण्यातून वीज वाहण्यावर चालतो. शुद्ध पाण्यात त्याला टब रिकामाच वाटतो आणि तो सुरू होत नाही. पेलाभर नळाचं पाणी मिसळलं की चालतो. एसीचं ठिबकणारं पाणी घेऊ नका, त्यात जंतू वाढलेले असतात आणि आपण ते श्वासातून आत घेतो. त्याच कारणाने टब रोज रिकामा करून कोरडा करायचा. अत्तर, तेल, कापूर काही टाकू नका. पृष्ठभागावर तवंग आला की धुकं कमी होतं.

धुकं हळूहळू कमी होत गेलं तर चकतीवर क्षार बसलेत. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून वीस मिनिटं बुडवा, मग कापसाच्या काडीने पुसा. खरवडू नका, चकतीवरचा मूळ थरच निघून जातो. चालू चकतीला बोट लावू नका, चटका बसतो. सेन्सरच्या पिनवरही क्षार बसतात आणि मग पाणी संपलं तरी मशीन थांबत नाही. कोरडी चकती थोड्याच वेळात तडकते. चकती बदलता येते. दुकानात मागताना व्यास सांगा आणि रबरी रिंगही नवीनच घ्या, कारण कडक झालेल्या जुन्या रिंगमधून पाणी आत सर्किटमध्ये शिरतं.