चिलर बसला आणि बॅच सुधारली

औषधाच्या मॉलिक्यूलचं नाव सांगता येणार नाही. त्याचं शेवटचं क्रिस्टलायझेशन, म्हणजे गरम द्रावण थंड करून त्यातून स्फटिक काढणं, आमच्या प्लान्टमध्ये सगळ्यांच्या डोक्याला ताप. बीएमआर (बॅचची मंजूर लेखी रेसिपी) म्हणतो, 60 अंशांना एक टक्का सीड, म्हणजे तयार बारीक स्फटिक, टाका, अर्धा तास थांबा आणि तासाला 10 अंश अशा सरळ रेषेत 10 पर्यंत उतरवा. तसंच करायचो, आणि स्फटिक गाळायच्या सेंट्रिफ्यूजवर यायचा चिखल. एमएल (गाळून निघणारं द्रावण) गढूळ, कापड बुजलेलं, वॉश वरच तुंबलेला, पुढच्या शिफ्टच्या शिव्या.

लॅबमध्ये हीच रेसिपी झकास चालते, हे आरअँडडीवाले दर मीटिंगला ऐकवतात. चालणारच! एक लिटरच्या भांड्यातून 1000 लिटरच्या रिॲक्टरमध्ये आलात की दर लिटरमागे भिंत एक दशांश उरते. त्यात मुंबईच्या दमट मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी तिशीच्या खाली उतरायला तयार नसतं, म्हणून सगळी भिस्त ब्राइनवर, म्हणजे रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून फिरणाऱ्या अतिथंड खारट पाण्यावर. आमचा व्हॉल्व्ह ऑन-ऑफ. उघडला की उणे तापमानाचं ब्राइन थेट रिॲक्टरच्या गरम काच-अस्तराच्या पाठीशी. सुरुवातीला सीडचं पृष्ठफळ नगण्य असतं, द्रावणातल्या मालाला बसायला जागाच नसते. मग भिंतीलगत नवे बारीक कण सुटतात, खपली धरते. थर्मोवेल (तापमापकाची नळी) रिॲक्टरच्या मध्यावरचं तापमान दाखवते, त्यामुळे चार्टवर सगळं आलबेल.

त्या दुपारी सीड टाकून होल्ड संपत आला होता, तेवढ्यात ऑपरेटर काका आले.

"मॅडम, चिलर बसला."

म्हणजे ब्राइन गार करणारं यंत्रच बंद पडलं. मेंटेनन्सवाला जेवायला गेलेला. तो अशा वेळी जेवतच असतो. स्टरर चालू ठेवला, बाकी रिॲक्टर आपल्या मनानं उतरत राहिला. अडीच तासांत सहा अंश. साइट ग्लासवर बॅटरी मारली तर एरवीचं दूध नव्हतं; सुटे दाणे गरगर फिरताना चमकत होते. चिलर आल्यावर ब्राइन आधी बेतानं, मग पूर्ण उघडलं आणि उरलेलं जवळपास तेवढ्याच वेळात खाली आणलं. डेव्हिएशन, म्हणजे रेसिपी मोडल्याची नोंद, लागलेलंच होतं.

सेंट्रिफ्यूजवर एमएल काचेसारखं स्वच्छ निघालं. केक रव्यासारखा मोकळा. काकांनी चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, रोज पाडू या का चिलर?"

मलिन आणि निव्हल्ट या संशोधकांनी 1971 मध्येच कूलिंगचं हे गणित मांडलं होतं. त्यातून निघालेल्या घनवक्रात (आधी संथ, मग वेगानं) अर्ध्या वेळेत फक्त एक अष्टमांश उतरायचं, म्हणजे आमच्या 50 अंशांतले सव्वासहा. बिघडलेल्या चिलरनं ते जमवलं, आमच्या बीएमआरला जमलं नव्हतं.

क्यूएनं (गुणवत्ता विभागानं) बॅच होल्डवर टाकली. गाळ येणाऱ्या बॅचना कधी कुणी अडवलं नाही, कारण त्या कागदाबरहुकूम होत्या! तरी एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना तपासण्याचा, त्यांचा आग्रह रास्त होता. 1998 मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचा कमी विरघळणारा दुसराच क्रिस्टल फॉर्म उगवला आणि कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या, हे या धंद्यात कुणी विसरत नाही. आमचा फॉर्म नेहमीचाच निघाला, बॅच सुटली.

रेसिपी बदलायचा अर्ज, म्हणजे चेंज कंट्रोल, मात्र "एका बॅचवरून निष्कर्ष नको" असा शेरा मारून परत आलाय. खरं तर मलाही खात्री नाही. काम संथ उतरण्यानं झालं, की भिंतीला ब्राइनचा झटका बसला नाही म्हणून? दोन्ही एकदमच घडलं. आरअँडडीकडे दोन ट्रायल मागितल्यात: एक सरळ रेषेची पण जॅकेट कोमट ठेवून, दुसरी वक्राची पण थंड भिंतीनं. ते म्हणाले, लॅबमध्ये प्रॉब्लेमच येत नाही, तर करायचं कशाला?