बाई, त्या चार सुरांत आहे तरी काय?

मिरजेत गाणं शिकवते म्हटलं की लोक धरूनच चालतात, ही घरी किराणा घराण्याच्याच रेकॉर्ड लावत असणार. लावतेच. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथे त्यांची समाधी आहे, तिथे दुसरं काय होणार? पण शिकवणी संपल्यावर मी पुष्कळदा आर्वो पॅर्ट यांचं संगीत लावते. मग मुलांना न्यायला आलेल्या पालकांपैकी कुणीतरी विचारतंच, "बाई, हे काय ऐकता? तीन-चार सूर, तेही इतके सावकाश. आमची मुलगीसुद्धा वाजवेल. याला एवढं मोठं का म्हणायचं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमची मुलगी ते सूर वाजवेल, हे अगदी खरं. पॅर्ट यांना त्या सुरांपाशी पोचायला मात्र आठ वर्षं लागली, आणि मला ते थोर वाटतात ते त्या आठ वर्षांमुळे.

पॅर्ट एस्टोनियाचे, जन्म १९३५ चा. घरच्या पियानोचा मधला भाग खराब होता, म्हणून लहानपणी ते अगदी खालच्या आणि अगदी वरच्या पट्ट्यांवर बोटं चालवायचे. पुढे राजधानी टॅलिनमध्ये हाइनो एलर यांच्याकडे रचना शिकले, रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी केली. नाव झालं ते आजच्यापेक्षा अगदी वेगळ्या संगीतासाठी : बारा स्वरांना सारखाच मान देणारं, कठोर, कानाला टोचणारं. देशावर सोव्हिएत अंमल होता आणि असलं संगीत सरकारला खपत नव्हतं. १९६८ मध्ये त्यांनी 'क्रेडो' लिहिलं. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या एका प्रिल्यूडचा, म्हणजे छोट्या वाद्यरचनेचा, आधार घेतलेलं, आणि ख्रिस्तावरची श्रद्धा उघड बोलून दाखवणारं. ते टॅलिनमध्ये वाजलं आणि त्यानंतर तिथे ते पुन्हा वाजवायची वाटच बंद झाली.

तिथपासून १९७६ पर्यंतच्या काळाला 'पॅर्ट यांचं मौन' म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. १९७१ मध्ये त्यांची तिसरी सिंफनी आली, पोटासाठी चित्रपटांचं संगीतही चालू होतं. पण खरं काम वह्यांमध्ये चाललेलं. चर्चमधली जुनी, एकाच आवाजाची, साथीशिवायची गायकी त्यांनी मुळापासून अभ्यासायला घेतली. बायबलमधलं एक स्तोत्र वाचायचं आणि लगेच एक स्वररेषा लिहायची. पुन्हा पुढचं स्तोत्र, पुढची रेषा. कुठल्याही मैफलीत न जाणाऱ्या रेषांनी वह्या भरत गेल्या. नाव झालेला माणूस, तिशी ओलांडलेली, आणि पुन्हा पहिल्या सुरापासून रियाज! आपल्याकडे हे किती जणांना झेपेल, मला शंका आहे. मी मुलांना पलटे, म्हणजे सुरांचे तेच तेच क्रम, घोटायला लावते तेव्हा त्यांचे चेहरे पाहते ना.

त्यातून १९७६ मध्ये 'फ्यूर अलीना' आलं. पियानोचा दोन पानी तुकडा. आपल्या भाषेत सांगायचं तर उजवा हात मायनर, म्हणजे ग, ध, नी कोमल असलेल्या सप्तकातून चालतो. डाव्या हाताला फक्त सा, कोमल ग आणि प एवढीच मुभा. उजव्या हाताचा प्रत्येक सूर आला की त्याच्या खालचा, या तिघांतला जवळचा सूर डाव्याने द्यायचा. ओळी एकेका सुराने वाढत जातात, मग तशाच आखडत येतात. ताल नाही. सबंध रचनेत एकाच जागी डावा हात नियम मोडून रे घेतो, आणि स्वरलिपीत नेमक्या त्या जागी पॅर्ट यांनी एक फूल काढलंय. नियम इतका काटेकोर पाळल्यावरच त्या एका रे चं मोल कळतं. या पद्धतीला ते टिंटिनाबुली म्हणतात, छोट्या घंटांवरून.

सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांना मी हे ऐकवलं. ते तारांखालची घोडी घासत जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढत होते. ऐकून म्हणाले, "हा तंबोराच की ओ." मला आनंद झाला, पण ते अर्धंच खरं आहे. आपला तंबोरा गायक काय करतोय हे न पाहता आपल्या जागी वाजत राहतो. पॅर्ट यांचा दुसरा आवाज पहिल्याच्या प्रत्येक पावलाला बांधलेला, त्याला सोडून तो एक पाऊलही टाकत नाही. त्यांच्या पत्नी नोरा यांनी त्याचं सूत्र केलंय : एक अधिक एक बरोबर एक.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. १९८० मध्ये कुटुंबासह देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. १९८४ मध्ये इसीएम कंपनीने 'टाबुला रासा' ही रेकॉर्ड काढली आणि जगाला हे नाव कळलं. देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले. २०१८ पासून लाउलास्मा इथल्या पाइनच्या रानात त्यांच्या नावाचं केंद्र उघडलंय, त्या वह्यांसकट सगळे कागद तिथे जपलेत.

"मग सुरुवात कशाने करू?" हे पुढचं विचारणं ठरलेलं. 'कँटस' ने करा. ब्रिटिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन डिसेंबर १९७६ मध्ये गेले, त्यांच्यासाठी १९७७ मध्ये लिहिलेलं. एक घंटा आणि तंतुवाद्यांचे पाच गट. सगळ्यांना एकच अवरोह, पण प्रत्येक गट आधीच्याच्या निम्म्या लयीत. वरची व्हायोलिन्स ज्या वेळात सोळा सूर उतरतात, त्या वेळात सगळ्यात खालचा डबल बास एकच सूर उतरतो. मी मुलांना दून-चौगुन, म्हणजे दुप्पट-चौपट लय, शिकवताना हेच लावते. पाच मुलं उभी करते, प्रत्येकाला एक गट देते आणि हातावर टाळी धरायला सांगते. डबल बास मिळालेलं पोर बहुतेक वेळा घाई करून चुकतं. त्याला सांगते, परत पहिल्यापासून.