चार महिने ठरवत होते, शेवटी सायकल ग्रुपला गेले – माझा अनुभव

जूनमध्ये पुण्याहून सेकंडहँड रोड बाईक (बारीक टायरची, वेगाची सायकल) आणली. त्याआधी तीन वर्षं माझ्याकडे हायब्रीड (जाड टायरची सायकल) होती, तिच्यावर रोज सकाळी इथं सोलापुरात होटगी रोडने जाऊन यायचे, कधी संभाजी तलावाला चकरा मारायच्या, मग घरी येऊन डबे आणि ९ वाजता दुकान (आमचं मेडिकल आहे, मी फार्मासिस्ट आहे). रोड बाईक आली तेव्हाच ठरवलं होतं की आता रविवारचा ग्रुप जॉईन करायचा. पण जून गेला, जुलै गेला, गणपती झाले, नवरात्र झालं, मी काही गेले नाही. कारण एकच, ग्रुपवर मेसेज यायचा "रविवार, ५० किमी, २५ चं अ‍ॅव्हरेज" आणि माझं एकटीचं अ‍ॅव्हरेज ताशी १८ किमीच्या वर कधी गेलंच नव्हतं. आपल्यामुळे पंधरा लोकांनी दर दहा मिनिटाला थांबायचं ही कल्पनाच सहन होत नव्हती मला.

ऑक्टोबरमध्ये बीपीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एका काकांनी दुकानाच्या पायरीला टेकवलेली सायकल बघितली. ते ग्रुपमधले जुने मेंबर निघाले. मी म्हटलं काका माझा स्पीड कमी आहे हो. तर त्यांनी स्पीडचं काही विचारलंच नाही. विचारलं काय, तर हेल्मेट आहे का, पुढचे मागचे दोन्ही ब्रेक लागतात का, लाईट आहे का, आणि पंक्चर स्वतःला काढता येतं का. पहिल्या तिन्हीला हो म्हटलं, चौथ्याला गप्प बसले. ते म्हणाले, "मग आधी तेवढं शिक, आणि ये की रविवारी. २५ चा ग्रुप पुढं जातो, मागं आमचा म्हाताऱ्यांचा वेगळा असतो, आम्ही कुणाला सोडून जात नसतो."

म्हणजे दोन ग्रुप असतात हे मला चार महिन्यांत कळलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. फी नाही, फॉर्म नाही, जर्सी ऐच्छिक, हेल्मेट नसेल तर मात्र परत पाठवतात.

पंक्चरचं जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडे रोड बाईकवाल्यांचा निम्मा त्रास तोच आहे. पाऊस संपला की आपल्या रस्त्यांच्या कडेला सराट्याचे काटे पसरलेले असतात, आणि बाभळीचे तर बारा महिने. हायब्रीडच्या जाड टायरला ते फार जाणवत नव्हते, पण माझे आताचे टायर २५ एमएमचे, त्यात ८०-९० पीएसआय हवा, सराटा सरळ आत. दुसरी अडचण म्हणजे ह्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, बारीक, टोकाला छोटी चकती असते ती फिरवून सैल करायची, मग हवा जाते. पेट्रोल पंपावरचं किंवा चौकातल्या पंक्चरवाल्याचं नोझल त्याला बसतच नाही. त्यासाठी पितळेचा एक छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, अगदी स्वस्त, तो व्हॉल्व्हवर चढवला की कुठलाही पंप चालतो. मी तो व्हॉल्व्हवरच बसवून ठेवलाय आणि एक जास्तीचा सीटखालच्या पिशवीत.

ट्यूब बदलायला घरच्या हॉलमध्ये शिकले, तीन रात्री. पहिल्या रात्री पाऊण तास, तिसऱ्या रात्री १४ मिनिटं. मागचं चाक काढताना चेन सगळ्यात लहान चकतीवर आणून ठेवायची म्हणजे चाक सहज निघतं आणि परत बसतं, हे काकांनी फोनवर सांगितलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून कापड फिरवायचं, काटा तिथंच अडकलेला असतो. तो राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत परत पंक्चर होते. माझी झाली आहे तशी, म्हणून सांगते.

पहिला रविवार. पहाटे ५:४५ ला रूपाभवानी मंदिराजवळ जमायचं होतं. अंधारात एकटी कशी जाणार म्हणून आमचे हे गाडी घेऊन मागून आले तिथपर्यंत. अकरा जण होते, त्यात मी धरून दोन बायका. दुसऱ्या अक्का पन्नाशीच्या, त्यांनी माझी सायकल बघितली आणि पहिलंच वाक्य, "हात बधिर होतात का गं तुझे?" होत होते! पंधरा किलोमीटर झाले की करंगळीकडची दोन बोटं गार पडायची, मला वाटायचं सवय नाही म्हणून. त्यांनी मला सीटवर बसवलं, टाच पेडलवर ठेवून पाय खाली न्यायला सांगितला, गुडघा सरळ व्हायला पाहिजे तर माझा चांगलाच वाकलेला. म्हणजे सीट खाली. आणि फ्रेम ५४ सेंमीची, माझी उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे हँडल लांब, मी पूर्ण वजन हातावर टाकून चालवत होते. ज्या दुकानातून घेतली तिथं "ताई एकदम तुमच्याच साईजची आहे" असं सांगितलं होतं, मी विश्वास ठेवला. फ्रेम काही बदलता येत नाही, पण १०० एमएमचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) काढून ८० चा टाकला नंतर, सीट वर घेतली आणि जराशी पुढं सरकवली. बोटं गार पडायची बंद झाली. सेकंडहँड घेणाऱ्यांनी स्वस्त मिळतंय म्हणून साईज सोडू नका, एवढी कळकळीची विनंती.

त्या दिवशी फक्त हिप्परग्यापर्यंत जाऊन यायचं होतं. जाताना तुळजापूर रोडला दोन-दोनच्या जोडीने, मी शेवटच्या जोडीत काकांशेजारी. पुढून आवाज यायचे आणि सगळे ते मागं पोचवायचे. "खड्डा!" समजलं. मग कुणी ओरडलं "गुंडी!" तर मला कळेना, काका म्हणाले कन्नडमध्ये खड्डा. जरा पुढं एक पोरगा "गुंत!" म्हणाला, ते तेलुगूत. आपल्या गावात कुठंही गेलं तरी तीन भाषा असतातच, पण खड्ड्याला पण तिन्ही शब्द रोज वापरात आहेत हे बघून मला फार बरं वाटलं, आपलीच माणसं आहेत सगळी असं वाटलं.

येताना मी पडले. माझी चूक होती आणि ती प्रत्येक नवीन माणूस करतो म्हणे, म्हणून नीट सांगते. मी पुढच्याच्या बरोब्बर मागं न राहता थोडी उजवीकडं होते आणि माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी, वीतभर पुढं घुसलेलं. त्याला खड्डा दिसला, तो उजवीकडं सरकला, त्याचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकाला लागलं. त्याला काहीच झालं नाही, मी रस्त्यावर. असं लागलं की बहुतेक वेळा मागचाच पडतो, कारण पुढचं चाक अडकलं की हँडल हातात राहत नाही. नशीब मागं कुणी नव्हतं आणि स्पीड कमी होता. कोपर आणि मांडी खरचटली. सगळे थांबले, एकाने मागून येणाऱ्या गाड्यांना हात केला, अक्कांनी बाटलीतलं पाणी ओतून खडे काढले. (घरी येऊन साबणाच्या पाण्याने परत धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. खरचटलेल्यावर हळद, माती, पेट्रोल काहीही लावू नका, आधी फक्त धुवा.)

ग्रुप लीडर सर आहेत, शाळेत पीटीला होते. मला वाटलं आता हे सांगणार की बाई तुम्ही थोडे दिवस एकट्याच चालवा. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि दोन काड्या घेऊन मातीत दाखवलं, ही पुढची सायकल, ही तुमची, तुमचं चाक इथं असेल तर चालेल, इथं कधीच नाही. मग म्हणाले, "स्पीडची काळजी सोडा मॅडम. तुम्ही सरळ लाईनीत चाललात आणि न सांगता ब्रेक मारला नाही, की तुमच्या मागं कुणीपण यायला तयार होतंय." उरलेला रस्ता मी त्यांच्या मागं एक सायकलभर अंतर सोडून आले, नजर त्यांच्या चाकावर नाही तर त्यांच्या खांद्यावरून पुढच्या रस्त्यावर, हे पण त्यांनीच सांगितलं. चाकाकडं बघत बसलं की अंदाज चुकतो.

पुढचे चार-पाच रविवार तेवढंच केलं. तामलवाडी टोलनाक्यापर्यंत जाऊन चहा, परत. एकदा अक्कलकोट रोडला वळसंगपर्यंत. दुसऱ्याच्या मागं चालवलं की वारा किती कमी लागतो हे ऐकलं होतं पण खरं वाटत नव्हतं, एकटी १८ ने जाणारी मी मागच्या ग्रुपात २२-२३ ने जात होते आणि बोलत पण होते. रूट पण वाऱ्यावर ठरवतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो तेव्हा पुणे रोडला, म्हणजे जाताना ताकद आहे तेव्हा वारा तोंडावर आणि येताना पाठीवर, थंडीत वारा पूर्वेकडून असला की तुळजापूर रोड. मी एवढे दिवस उलटं करत होते, जाताना मस्त वाटायचं आणि येताना जीव जायचा.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मी त्यांना शिकवली. चहाला थांबलो तेव्हा बघितलं की दोन पोरं ओआरएसचं एक लिटरचं अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकतात, आणि एकजण ते गोड फळांच्या चवीचं डब्यातलं पेय ओआरएस समजून पितोय. मी तिथंच सगळ्यांना थांबवून सांगितलं. पाकिटावर एक लिटर लिहिलंय तर एकच लिटर, २०.५ ग्रॅमचं प्रमाण ठरलेलं आहे, पाणी कमी घातलं की मीठ-साखर दोन्ही जास्त होतं, पोट बिघडतं, तहान अजून वाढते. आणि साध्या दीड तासाच्या राईडला थंडीत त्याची गरजच नाही, पाणी पुरे. एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या वर पारा जातो आपल्याकडं, तेव्हाची गोष्ट वेगळी. आता बाटल्यांचं खातं माझ्याकडं आहे. खायला काय न्यायचं तर मी शेंगाची पोळी नेते, चार तुकडे करून बटर पेपरमध्ये. दाणे, गूळ, तीळ, खिशात चुरा होत नाही, दोन दिवस टिकते. पहिल्यांदा नेली त्या दिवसापासून ती आणल्याशिवाय मला येऊ देत नाहीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी तुळजापूर ठरलं. जाऊन येऊन साधारण ९० किमी, माझं तोपर्यंतचं जास्तीत जास्त ५२. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "जा की गं, मी तर कोजागिरीला चालत जायचे." त्या खरंच जायच्या, सोलापूरहून रात्रभर चालत, अनवाणी, लग्नाआधीपासून पन्नाशीपर्यंत. मग त्यांनीच मला रस्ता सांगितला, उळ्यापर्यंत कसं वाटतं, तामलवाडीनंतर पाय कुठं बोलायला लागतात, घाट दिसायला लागला की लगेच येत नाही, अजून बराच चालायचा असतो. मोबाईलवर चढाचा आलेख बघितला होता मी, पण खरं सांगते, रस्ता मला सासूबाईंच्या सांगण्यातून जास्त समजला.

घाटात ग्रुप सुटतो, जो तो आपल्या दमाने चढतो, वर सगळे थांबतात. मी पुढची छोटी चकती आणि मागची सगळ्यात मोठी, त्याच्यापुढं गिअरच नाही. पाय हळूहळू, श्वास मोजत, ट्रक शेजारून घरघरत चाललेले. मधे एकदा उतरावं वाटलं. काका मागून आले, काही बोलले नाहीत, माझ्या पुढं जाऊन माझ्याच स्पीडने चालवत राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून पुढं बघत राहिले. वर पोचले तेव्हा अक्का आणि ती पोरं "आई राजा उदो उदो" म्हणून ओरडली आणि मला रडू आलं, लपवलं नाही मी. गर्दी होती म्हणून देवळात आत गेलो नाही, कळसाला हात जोडले, सासूबाईंसाठी कुंकू घेतलं. येताना उतार आणि वारा पाठीवर, ११ च्या आत घरी.

सर आता २०० किमीच्या बीआरएमबद्दल (ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची राईड) बोलतात, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते ती. अक्कांनी दोनदा केली आहे. माझं अजून त्याच्या आधीचंच काम बाकी आहे, चालत्या सायकलवर बाटली काढून पाणी पिऊन न बघता परत ठेवायला मला जमत नाही, उजवा हात सोडला की सायकल डावीकडं जाते, आणि तेच हाताने खड्डा दाखवताना पण होतं, म्हणून मी अजून तोंडानेच ओरडते. सध्या रोज सकाळी होटगी रोडला, गाड्या कमी असतात तेव्हा, एक हात मांडीवर ठेवून पांढऱ्या पट्टीवरून सरळ चालवायची प्रॅक्टिस करते. डावा हात सोडून २०० मीटर जमतंय. उजवा सोडून काल ६० झालं.