स्ट्रोकनंतरचा व्हिडिओ कॉल: नुसतं "बरं आहे ना?" पुरत नाही

स्ट्रोक आणि टेलिमेडिसिन म्हटलं की सगळं बोलणं गुठळी विरघळवणारं औषध देता येतं त्या पहिल्या साडेचार तासांभोवती फिरतं. त्या भागाचं तंत्र आता बरंचसं बसलंय. हिमाचल प्रदेशात २०१४ मध्ये सीटी असलेली सरकारी रुग्णालयं स्मार्टफोनवरून मोजक्या न्यूरॉलॉजिस्टना जोडली गेली. सीटीचे फोटो व्हॉट्सॲपवर जायचे, गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज सरकार फुकट द्यायचं. खर्चिक यंत्रणेवाचूनही हे जमतं, हे त्यातून दिसलं.

चुका होतात त्या साध्या गोष्टींत. "त्रास कधी सुरू झाला?" असं विचारलं की नातेवाईक "सकाळी सहाला" म्हणतात. खरा प्रश्न असा, की पेशंट धडधाकट असताना शेवटचा कधी दिसला? रात्री दहाला झोपायला गेला असेल तर घड्याळ दहालाच सुरू झालं. दुसरी चूक वजनाची. अल्टेप्लेज किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम: त्यातलं ५.४ एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. वजन अंदाजाने सांगितलं तर डोसही अंदाजाचाच होतो. बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय सुई लावायची नाही. शुगर तर आधीच बघायची, कारण ती फार उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं.

जर्मनीत बव्हेरियामध्ये २००३ पासून चाललेल्या टेम्पिस या, व्हिडिओवरून स्ट्रोकचा सल्ला देणाऱ्या जाळ्यातल्या रुग्णालयांत तीन महिन्यांनी वाईट अवस्थेतले पेशंट इतर रुग्णालयांपेक्षा कमी निघाले: ५४ टक्क्यांऐवजी ४४. पण तिथे नुसता कॅमेरा बसवला नव्हता. प्रत्येक ठिकाणी स्ट्रोकचा वेगळा वॉर्ड होता, नर्स आणि फिजिओंना प्रशिक्षण होतं. आपल्याकडे या अर्ध्या भागावर फारसं कोणी बोलत नाही.

डिस्चार्जनंतरचं चित्र आणखी विरळ. स्ट्रोकनंतरचं अपंगत्व मोजणाऱ्या रॅन्किन स्केलवर (० ते ६, जितके कमी तितकं बरं) २ पर्यंत गुण म्हणजे 'चांगला निकाल'. पण त्या २ गुणांचा माणूस स्वतःचं स्वतः करत असला तरी दुकानावर परतलेला नसतो, फोनवर बोलायला कचरतो, चारचौघांत जेवत नाही. म्हणून जगणं मोजायला वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. एसएस-क्यूओएल ही त्यातली एक, ४९ प्रश्नांची. तिच्यात चालणं-बोलणं तर आहेच, शिवाय थकवा, स्वभावातला बदल, घरातली जागा, कामधंदा हेही येतं.

मग घरच्यांना शिकवून सोडलं, मोबाइलवर मेसेज पाठवले, तर भागेल का? दोन्ही भारतातच तपासून झालंय. घरच्यांकडून व्यायाम करून घेण्याच्या 'अटेंड' चाचणीत सहा महिन्यांनंतरचं परावलंबित्व घटलं नाही. मेसेज, व्हिडिओ आणि पुस्तिका देणाऱ्या 'स्प्रिंट इंडिया'त औषधं नियमित झाली, पण वर्षभरात पुन्हा स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण काही घटलं नाही. माझ्या मते यातून घ्यायचं ते हे: डॉक्टरांनी डिस्चार्जनंतर व्हिडिओ कॉल करायचाच असेल तर तो तपासणीसारखा करा.

आधी घरात दोन माणसं हवीत. एकटी सूनबाई फोन धरून सासऱ्यांना सावरू शकत नाही, आणि नेमकं तेव्हाच पडायला होतं. फोन स्टुलावर, कमरेच्या उंचीला ठेवायचा. पेशंटने कॅमेऱ्याला त्याची बाजू दिसेल असं तीन मीटर चालायचं, सोबतच्याने कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. पाय घासतो का, गुडघा मागे जातो का, हे समोरून घेतलेल्या व्हिडिओत कळत नाही.

खांदा उघडा करून दाखवायला सांगा. खांद्याच्या हाडाखाली बोट रुतेल एवढी खाच दिसली तर सांधा खाली सरकलाय. बगलेत हात घालून उठवायची सवय ते आणखी बिघडवते. ती त्याच कॉलवर बंद करायची: कमरेला पट्टा बांधून उठवा आणि बसल्यावर कोपराखाली उशी द्या.

बीपीची वही आणा म्हटलं की पानभर १२०/८० येतं! त्यापेक्षा मशीनच्या पडद्याचे फोटो मागवा. कॉलच्या आधी सात दिवस, सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं टेकून बसल्यावर, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, चांगल्या हातावर. बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली.

जेवताना ठसका लागतो का, पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा होतो का, वजन उतरलंय का, हे विचारायचं. उत्तर 'हो' असेल तर गिळण्याची तपासणी प्रत्यक्षच करावी लागते. कॅमेऱ्यासमोर पाणी पाजून बघायच्या भानगडीत पडू नये.

वाचा गेलेल्याशी बोलताना घरचे त्याच्या वतीने उत्तरं देऊन टाकतात. त्यांना थांबवा, हो-नाहीचा एकच प्रश्न विचारा आणि दहा सेकंद गप्प बसा. हा गप्पपणा डॉक्टरांनाच जास्त जड जातो. "हल्ली आळशी झालेत, व्यायामच करत नाहीत" असं ऐकलं की नैराश्याचा विचार करा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला ते गाठतं. पेशंटशी याबद्दल मुलांसमोर बोलू नका, दोन मिनिटं खोलीत एकटं बोला. त्यानंतर सांभाळणाऱ्यालाही वेगळं विचारा, की रात्री झोप मिळते का.

कॉलची वेळही घरातला स्मार्टफोन घरी असताना ठेवायला हवी. तो बहुधा मुलाबरोबर कामावर जातो, म्हणून सकाळी अकराच्या अपॉइंटमेंट वाया जातात. आणि नवा अशक्तपणा, वाकडं तोंड किंवा फिट आली तर पुढच्या कॉलची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि सीटी असलेल्या रुग्णालयातच न्यायचं, हे पहिल्याच कॉलमध्ये सांगून, त्या रुग्णालयाचं नाव घरच्यांकडून वदवून घ्या.