रोड बाईक फंड अपडेट: यवतेश्वर, आउट काढलेली चाकं आणि ३४-३४ चा हिशोब

मंडळी, बरेच दिवस फंडाचा अपडेट द्यायचा राहिला होता, आज निवांत बसून टाकतोय. नवीन रोड बाईक, म्हणजे रस्त्यावर पळवायची गिअरची सायकल, घेण्यासाठी डब्यात ४१ हजार झाले!! टार्गेट ६० हजारांचं आहे. नवीन लोकांसाठी नियम परत सांगतो, हप्त्यावर बाईक घ्यायची नाही, कमवून घ्यायची. स्कूटर घरी ठेवून ऑफिसला सायकलने गेलो की पेट्रोलचे वाचलेले किलोमीटरमागे २ रुपये डब्यात, रविवारी कॉलनीतल्या सायकली दुरुस्त करून जे मिळतं ते सगळं डब्यात, आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट पाय न टेकता चढून आलो की आप्पा स्वतःहून शंभरची नोट टाकतात. त्यांना मी कधी मागितली नाही, त्यांनीच सुरू केलं, आणि खरं सांगू, त्या नोटेची ओढ बाकी सगळ्या पैशांपेक्षा जास्त आहे.

सगळ्यात जास्त भर रविवारच्या कामातून पडतेय. पंक्चर, ब्रेक-शू, गिअर सेटिंग हे तर होतंच, पण आता चाकाची आउट काढायला, म्हणजे डुगडुगणारी रिम सरळ करायला, हात बसलाय. सायकल उलटी करायची, ब्रेक-शू रिमच्या अगदी जवळ आणायचा, चाक हळू फिरवायचं आणि जिथे घासतंय तिथे थांबायचं. रिम डावीकडे गेली असेल तर उजव्या बाजूचा स्पोक पाव फेरा घट्ट आणि डावा पाव फेरा सैल. पाव फेऱ्याच्या वर जायचंच नाही, घाई केली की आउट जाते पण चाक अंडाकृती होऊन बसतं. मागच्या महिन्यात हबचे (चाकाच्या मधल्या भागातले) छर्रे पण बदलले, मागे पाव इंची, एका बाजूला ९, पुढे ३/१६ चे, एका बाजूला १०. जुनं काळं ग्रीस पुसून कप बोटाने चाचपायचा, खड्डा लागला नाही तर नवीन छर्रे टाकून कोन (छर्रे दाबून धरणारा नट) हलक्या हाताने आवळायचा आणि चाक फिरवून बघायचं. आवाज न करता ते जेव्हा बराच वेळ फिरत राहतं ना, त्या समाधानाला तोड नाही.

आता मुद्द्याचं. ग्रुपवर अनेकांनी विचारलं की आहे ती बाईक चालतेय तर नवीन कशाला, किंवा घ्यायचीच तर थांबून हलक्या कार्बन फ्रेमचीच घे की. त्याचं उत्तर मला घाटातच मिळालं. माझी सध्याची सेकंडहँड, ७ स्पीड, पुढच्या चक्रांना ५२ आणि ४२ दाते, मागे १४ ते २८ दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा गिअर-चक्रांचा गठ्ठा). म्हणजे सगळ्यात हलका गिअर ४२-२८, पायडलच्या एका फेऱ्यात बाईक सव्वातीन मीटरपेक्षा जरा कमी पुढे जाते. कडक चढाला स्पीड येतो ताशी ७, तेव्हा मिनिटाला जेमतेम ३७ फेरे पडतात. ३७ च्या केडन्सला (मिनिटाला पायडलचे फेरे) सगळा भार गुडघ्यावर, श्वास शिल्लक असतो पण मांड्या संपतात. तेच पुढे ३४, मागे ३४ दाते असतील तर त्याच स्पीडला ५५ फेरे. हा फरक आहे, आणि माझ्यासाठी हाच फरक आहे.

वजनाचं पण गणित केलं. माझी बाईक साडेतेरा किलो, समजा साडेदहाची घेतली, माझं वजन ६८. म्हणजे एकूण ८१ वरून ७८ च्या आसपास, साडेतीन टक्के. अर्ध्या तासाच्या चढात फार तर एक मिनिट वाचेल. त्या मिनिटासाठी लाखभर जास्त घालण्यापेक्षा चांगला कॅसेट (मागच्या गिअर-चक्रांचा संच), चांगले ब्रेक आणि नीट बसणारी फ्रेम मला दहापट महत्त्वाची वाटते. ज्यांना रेस मारायची आहे त्यांचं वेगळं, मला सातारा-मेढा-केळघर घाट-महाबळेश्वर-पाचगणी आणि पसरणी घाट उतरून वाईमार्गे परत, असा लूप एका दिवसात आनंदाने मारायचाय.

ब्रेकचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वरला धुकं इतकं असतं की पुढचं वळण दिसत नाही, त्यात रिम ब्रेक ओले. लिव्हर दाबला की आधी शू रिमवरचं पाणी पुसतो आणि मग धरतो, तेवढ्यात बाईक बरीच पुढे गेलेली असते. म्हणून डिस्क पाहिजेच. मेकॅनिकल चालेल, केबल तर रस्त्यात पण बदलता येते.

कोणीतरी १४-३४ मेगारेंज, म्हणजे मोठं हलकं चक्र असलेलं फ्रीव्हील सुचवलं होतं. छान सल्ला आहे पण माझ्या मागच्या डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मर्यादा २८ दातांची, म्हणजे डिरेलर बदला, चेन बदला, आणि ब्रेक तेच राहणार. शिवाय फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात त्यामुळे एक्सलवर ताण येतो, माझा एकदा वाकलाय. त्यापेक्षा ते पैसे डब्यात.

राईडिंगचं म्हणाल तर, कासचा फुलांचा सीझन असल्यामुळे शनिवार-रविवार त्या रस्त्यावर गाड्याच गाड्या, म्हणून मधल्या वारी पहाटे जातोय. समर्थ मंदिर सोडलं की चढ सुरू, वर आल्यावर एका हाताला कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या हाताला उरमोडीचं, असला रस्ता दुसरीकडे कुठे आहे सांगा! चाळकेवाडीला पवनचक्क्यांपर्यंत पण जाऊन आलो, समोरून वारा लागला की सपाटीला पण घाट चढल्यासारखं होतं. आणि हो, २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) याच बाईकवर केली, साडेतेरा तासांची मुदत असते, हातात वेळ राखून पोचलो. ३००, ४००, ६०० नवीन बाईक आल्यावर, एकाच सीझनमध्ये या चारही राईड करून एसआर (सुपर रँडोनर) करायचीच आहे.

तर आता शॉर्टलिस्ट अशी: ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानो सोराचा ९ स्पीड गिअर संच, पुढे ५०-३४, मागे ११-३४, डिस्क, टायर किमान २८ मिमी रुंदीचे. दिवाळीनंतर पुण्याला टेस्ट राईडला जाणार आहे. माझी उंची ५ फूट ७, पाय त्या मानाने लांब आणि धड आखूड, त्यामुळे फ्रेमच्या ५२ आणि ५४ साईझच्या मधे अडकलोय. ५२ घेऊन सीटपोस्ट वर काढावा की ५४ घेऊन स्टेम (हँडल जोडणारा तुकडा) आखूड करावा? याच बांध्याचे कोणी असाल आणि सलग आठ-दहा तास सॅडलवर बसला असाल तर मान आणि मनगटाचा अनुभव डिटेलमध्ये लिहा, आणि ११-३४ वर पसरणी चढलेल्यांनी केडन्स किती पडतो ते पण सांगा.